उदासिनीकरणाचा प्रयोगसंच: समीकरणातला 2 कोठून येतो ते दाखवणारा

नववी-दहावीच्या वर्गासाठी मागवलेल्या या संचात 0.1 मोलर (लिटरमागे 0.1 मोल) संहतीची हायड्रोक्लोरिक व सल्फ्युरिक आम्ले, तेवढ्याच संहतीचे सोडियम हायड्रॉक्साइड, अमोनियाचे द्रावण, फिनॉल्फ्थॅलीन (आम्लात रंगहीन, आम्लारीत गुलाबी होणारा दर्शक), परीक्षानळ्या, तापमापी आणि समीकरणांची पत्रके आहेत. सर्व ड्रॉपर एकाच मापाचे आहेत आणि संचाचे खरे महत्त्व त्यातच आहे, कारण त्यामुळे थेंबांची तुलना विश्वासाने करता येते.

हायड्रोक्लोरिक आम्लाच्या 10 थेंबांत दर्शक घालून सोडियम हायड्रॉक्साइड सोडत गेले, की साधारण तेवढ्याच थेंबांनंतर फिकट गुलाबी रंग टिकतो. सल्फ्युरिक आम्लाला मात्र दुप्पट थेंब लागतात, कारण त्याच्या प्रत्येक रेणूतील दोन हायड्रोजन आयनांचे उदासिनीकरण व्हावे लागते. यानंतर वहीत ‘सल्फ्युरिक आम्ल + 2 सोडियम हायड्रॉक्साइड → सोडियम सल्फेट + 2 पाणी’ असे लिहिताना तो 2 कोठून आला, हे विद्यार्थ्यांना वेगळे सांगावे लागत नाही. समीकरण संतुलित करणे म्हणजे केवळ आकडे जुळवणे, हा समज मोडायला याहून चांगला प्रयोग मला माहीत नाही.

अमोनियाचे पत्रक मात्र सदोष आहे. त्यावर ‘अमोनिया + हायड्रोक्लोरिक आम्ल → अमोनियम क्लोराइड + पाणी’ असे छापले आहे. डाव्या बाजूला ऑक्सिजनच नसताना उजवीकडे पाणी कसे तयार होईल? शिवाय अमोनियम क्लोराइडचे द्रावण किंचित आम्लधर्मी असते, तर फिनॉल्फ्थॅलीनचा रंग सुमारे 8.2 ते 10 या सामूच्या (pH) म्हणजे आम्लारिधर्मी टप्प्यात बदलतो, त्यामुळे येथे अंतिम बिंदू, म्हणजे उदासिनीकरण पूर्ण झाल्याचा क्षण, नीट कळत नाही. या प्रयोगासाठी आम्लधर्मी टप्प्यात रंग बदलणारा मिथिल ऑरेंजसारखा दर्शक देणे आवश्यक होते.

तापमापीचाही उपयोग होत नाही. आम्ल आणि आम्लारी दोन्ही इतकी विरल असताना समान आकारमानात मिसळल्यावर तापमान एक अंशानेही वाढत नाही आणि तापमापीवर खुणा एकेका अंशाच्याच आहेत.

पत्रक दुरुस्त करून घेण्याची तयारी असलेल्या शिक्षकांनी हा संच अवश्य घ्यावा. संरक्षक चष्मा संचात नाही. सोडियम हायड्रॉक्साइड विरल असले तरी डोळ्यांना इजा करू शकते, म्हणून चष्मे वेगळे आणावेत.