१०० अँपिअर, ७५ मिलिव्होल्टचा पितळी शंट: पट्टी चांगली, जोड सांभाळा

दोन पितळी ठोकळे, मधे मँगॅनिनच्या पट्ट्या, खाली काळं बॅकेलाइट. मडगाव, वास्कोच्या इलेक्ट्रिकल दुकानांत मिळणारा हा ०.५ वर्गाचा (चूक अर्ध्या टक्क्याच्या आत) शंट, म्हणजे प्रवाह मोजायला वाटेत बसवायचा अगदी कमी रोधाचा तुकडा, सोलर बॅटरीपासून होडीच्या चार्जरपर्यंत सगळीकडे बसवतात. शंट गरम झाल्यावर मीटरचा आकडा सरकतो, ही त्याच्याबद्दलची नेहमीची तक्रार. दोष मात्र बहुतेक वेळा पट्टीत नसतो.

मँगॅनिन म्हणजे साधारण ८४ ते ८६ टक्के तांबं, १२ टक्के मँगनीज आणि थोडं निकेल. खोलीच्या तापमानाजवळ त्याचा रोध जवळजवळ हलत नाही. अंशाला ५० पीपीएम (दहा लाखांत ५० भाग) बदलणारी पट्टी धरली तरी ६० अंशांच्या वाढीत ०.३ टक्के फरक पडतो. तांब्याचा हा तापमान-गुणांक याच्या कितीतरी पट, ३९३० पीपीएम. मोजमापाच्या वाटेत तांबं शिरलं की गणित बिघडतं. या शंटचा रोध ०.७५ मिलिओम. सेन्सची, म्हणजे मीटरकडे व्होल्टेज नेणारी वायर ठोकळ्यावरच्या छोट्या स्क्रूऐवजी केबलच्या मोठ्या बोल्टाखाली दाबली आणि २० मायक्रोओम तांबं मधे आलं, तर गुणांकात एकदम १०५ पीपीएमची भर पडते. त्याच ६० अंशांना ०.६३ टक्के चूक, म्हणजे पट्टीच्या स्वतःच्या चुकीच्या दुप्पट. वर बोल्टाखालचा संपर्करोध वेगळाच, आणि तो दर पावसाळ्यात बदलतो. छोटे स्क्रू त्यासाठीच दिलेत, तेच वापरा.

पट्ट्या नीट बघा. कडेला करवतीची बारीक खाच दिसेल. रोध जुळवायला कारखान्यात ती पाडतात. तिथे वाट अरुंद होते, म्हणून उष्णता तिथेच आधी साठते. त्या खाचेला हात लावू नये, पट्टी पॉलिश करू नये आणि ठोकळ्यावर मोठा सोल्डरिंग आयर्न टेकवू नये. मँगॅनिन सुमारे १४० अंशांपलीकडे तापलं की त्याचा रोध कायमचा सरकू शकतो.

१०० अँपिअरला इथे ७.५ वॅट उष्णता निघते. सतत चालवायचं तर ६६ अँपिअरवर थांबा, उष्णता ३.३ वॅटवर येते. पट्ट्या उभ्या राहतील असा बसवला तर हवा खालून वर वाहते. पर्वरीच्या गच्चीवर मे महिन्यात बंद पॅनेलमधली हवा बाहेरच्यापेक्षा बरीच तापते, तिथे हा फरक जाणवतो. दोन्ही बाजूंच्या केबल एकाच जाडीच्या ठेवा. एक टोक जाड बसबारला (धातूच्या पट्टीला) आणि दुसरं बारीक केबलला असेल, तर दोन टोकांचं तापमान वेगळं राहतं आणि जोडांतून मायक्रोव्होल्ट तयार होतात. मँगॅनिन-तांबं जोडीत ते अंशाला एक-दोनच, कॉन्स्टँटन असता तर चाळीसच्या आसपास. तपासणी सोपी: अर्धा तास ६० अँपिअर चालवा, प्रवाह तोडा, लगेच मायक्रोव्होल्ट वाचणाऱ्या मीटरने सेन्सचे स्क्रू बघा. जे उरलं ते उष्णतेचं.

वेगवान मोजमापाला मात्र हा शंट कमजोर आहे. लांब ठोकळे आणि वायरचा फेरा मिळून १० नॅनोहेन्री इंडक्टन्स (प्रवाहाच्या बदलाला होणारा विरोध) धरला, तर १०० अँपिअर १ मायक्रोसेकंदात चढताना तिथे १ व्होल्ट उठतो. खरा संकेत ७५ मिलिव्होल्टचा! वायर स्क्रूपासूनच घट्ट पिळून घ्या. कालांक (इंडक्टन्स भागिले रोध) १३.३ मायक्रोसेकंद येतो, तेवढ्याच कालांकाच्या फिल्टरने तो जुळवायला दोन्ही वायरींत प्रत्येकी १० ओमचा रोधक आणि त्यांच्यामध्ये ०.६८ मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर लावा. हा कॅपॅसिटर एक्स७आर प्रकारच्या सिरॅमिकचा घेऊ नये. तो तापमानाबरोबर १५ टक्क्यांपर्यंत हलतो आणि जुळणी सुटते. स्थिर प्रवाह बरोबर दिसतो, चढणारी कड मात्र दुपारी वेगळी आणि रात्री वेगळी. पॉलिप्रॉपिलीन फिल्मचा घ्या.

ठोकळ्याला थर्मिस्टर (तापमान मोजणारा रोधक) चिकटवून सॉफ्टवेअरने दुरुस्ती करायची पद्धत आहे. हळू बदलणाऱ्या प्रवाहाला ती चालते. झटक्याच्या प्रवाहात पट्टी काही सेकंदांत तापते, ठोकळ्याला मिनिटं लागतात. थर्मिस्टर मागचं तापमान सांगतो आणि दुरुस्तीच चूक करते. इन्व्हर्टर किंवा मोटर कंट्रोलरसाठी बोर्डावर २ मिलिओमचे चार छोटे धातुपट्टीचे रोधक समांतर लावणं बरं. एकत्र रोध ०.५ मिलिओम होतो आणि १०० अँपिअरला प्रत्येकी सव्वा वॅट पडतो. एकेकाचा इंडक्टन्स १ नॅनोहेन्री असेल तर कालांक अर्ध्या मायक्रोसेकंदावर येतो.

किनाऱ्याजवळ खारी हवा पितळेवर हिरवा थर आणते. जोडण्यापूर्वी पृष्ठभाग बारीक सँडपेपरने घासून कथिलाचा मुलामा दिलेला लग (केबलच्या टोकाची चकती) लावा, स्प्रिंग वॉशर घाला, बाहेरून पेट्रोलियम जेलीचा पातळ लेप द्या. चवथ (गणेश चतुर्थी) आटोपली की बोल्ट एकदा आवळून घ्या.

विकत घेताना खिशात चुंबक असू द्या. मँगॅनिन आणि पितळ त्याला चिकटत नाहीत. ठोकळा किंवा पट्टी चिकटली तर तो शंट परत द्या.