लिफ्टवाल्यांनो, ‘ऑनलाइन ऑफिस’ देणाऱ्यांपासून सावध राहा : माझे २,३०,१५० रुपये गेले

कोल्हापूर, सांगली, इचलकरंजीत लिफ्टच्या तपासणीचा आणि मेंटेनन्सचा धंदा करणाऱ्या सगळ्यांसाठी हे लिहितोय. २,३०,१५० रुपये गेले. त्यातले १,४६,२५० सोसायट्यांनी माझ्या नावावर विश्वास ठेवून भरलेले होते, आणि तेच जास्त झोंबतंय.

आपल्या धंद्यात कागद किती असतो ते तुम्हाला सांगायला नको. कुणाची एएमसी, म्हणजे वार्षिक मेंटेनन्सचा करार, संपत आली, कुणाची तपासणी फी भरायची राहिली, कुणाच्या दोरावर शेरा पडलाय. १९३९ चा जुना कायदा जाऊन २०१७ चा आला, सरकते जिनेही त्यात आले, पण कागद काही कमी झाला नाही. दिवसभर मशीन रूममध्ये राबायचं आणि रात्री जेवून झाल्यावर रिपोर्ट टाइप करत बसायचं, हे वर्षानुवर्षं केलं. म्हणून व्हर्च्युअल असिस्टंट घेतला. घरबसल्या ऑनलाइन काम करणारा माणूस, महिना १४,५००. कोल्हापुरात कायमचा क्लार्क ठेवण्यापेक्षा परवडणारं होतं. असे प्रामाणिक लोक आहेत, माझ्या ओळखीच्या एका डॉक्टरांचं सगळं ऑफिस तसंच चालतं. त्यामुळे ‘लोभाला बळी पडला’ असं कुणी म्हणू नये. मी लोभ केला नव्हता, हाताखाली माणूस ठेवला होता.

एजन्सीने स्वतःहून फोन केला. पत्ता पुण्याचा, बाणेरचा. बोलणारी मुलगी अदबीने ‘सर, सर’ म्हणायची आणि ओव्हरस्पीड गव्हर्नर, म्हणजे लिफ्टचा वेग जादा झाला की तिला थांबवणारं यंत्र, तेही तिला ठाऊक होतं. तीन महिन्यांचे ४३,५०० आगाऊ घेतले. सुरुवातीचं काम तर नजर लागण्यासारखं! सगळ्या इमारतींची यादी, प्रत्येकीची तारीख, सेक्रेटरींना वेळेवर मेसेज, रिपोर्टची नीट पीडीएफ. हे लोक आधी काम करून दाखवतात, हे पक्कं ध्यानात ठेवा. मग मेलचा पासवर्ड मागतात आणि आपलं व्हॉट्सअॅप त्यांच्या कॉम्प्युटरला जोडून घेतात. त्याशिवाय सेक्रेटरींना मेसेज कसे जाणार, हे त्यांचं म्हणणं आपल्यालाही पटतं.

आता त्या बिलाबद्दल सांगतो. रोज रात्री ते डोळ्यापुढे येतं.

‘सॉफ्टवेअर लायसन्स’चं ११,८०० रुपयांचं बिल आलं. १०,००० मूळ, ९०० सीजीएसटी, ९०० एसजीएसटी. पत्ता बाणेर, पुणे. आणि जीएसटी नंबर सुरू होत होता २९ ने. महाराष्ट्राचा नंबर २७ ने सुरू होतो, २९ म्हणजे कर्नाटक. सीजीएसटी-एसजीएसटी लागतो राज्यातल्या राज्यात; खरोखर कर्नाटकातली फर्म असती तर बिलावर दोन राज्यांमधल्या व्यवहाराचा आयजीएसटी आला असता. एकाच कागदावर दोन खोट्या गोष्टी, छापील, ठळक. स्वतःची बिलं मी त्याच नमुन्यात काढतो, मला हे कळत नाही असं नाही.

पण ते बिल आलं त्या दिवशी पंचगंगेने राजाराम बंधाऱ्यावर इशाऱ्याची ३९ फुटांची पातळी ओलांडली होती. नागाळा पार्क, शाहूपुरीकडून एकसारखे फोन. लिफ्टच्या पिटात, म्हणजे तळाच्या खड्ड्यात, पाणी शिरायच्या आत लिफ्टचा डबा वरच्या मजल्यावर नेऊन मेन स्विच बंद करायचा असतो. पिटातला धक्का झेलणारा बफर बुडाला, गव्हर्नरच्या दोराचं खालचं वजन बुडालं की पुढचा महिना गंज काढण्यात जातो. एका इमारतीत गुडघाभर पाण्यात टॉर्च धरून उभा होतो, मोबाइल वाजला, बिल उघडलं, खालची रक्कम पाहिली आणि एका हाताने पैसे पाठवले. त्या जागी कुणीही हेच केलं असतं. तरी तो २९ चा आकडा माझ्या नजरेखालून गेला होता. ‘पुण्याला २९ कसं?’ एवढं विचारलं असतं तर पुढचे १,७४,८५० वाचले असते. जीएसटीच्या पोर्टलवर नंबर टाकला की कुणाच्या नावाचा आहे ते फुकट दिसतं, लॉगिनही लागत नाही. नव्या माणसाला पहिला रुपया देण्याआधी तेवढं बघा.

पुढे तपासणी फीच्या चलानांसाठी २८,६०० पाठवले. चलानं आली, अगदी सरकारी दिसणारी. ग्रासवर, म्हणजे सरकारी पैसे भरण्याच्या पोर्टलवर, चलानाचा जीआरएन नंबर टाकून पाहिला तर एकही सापडेना. मग धाबं दणाणलं. तोवर माझ्याच लेटरहेडवर, माझ्याच नंबरवरून सोसायट्यांना एएमसीची बिलं गेली होती, खाली क्यूआर भलत्याच माणसाच्या खात्याचा. एका सेक्रेटरींना थकबाकी विचारायला फोन केला. निवृत्त शिक्षक आहेत, हिशेबाला चोख. म्हणाले, “अहो, पैसे कधीच भरले की! तुमच्याच नंबरवरून आलं होतं.” काय उत्तर द्यायचं?

व्हॉट्सअॅपमधलं लिंक्ड डिव्हायसेस आत्ता उघडा. अनोळखी काही दिसलं तर काढून टाका. वाचून झाल्यावर नको, आत्ता.

सायबर फसवणुकीच्या १९३० हेल्पलाइनला फोन केला, सायबर गुन्ह्यांच्या पोर्टलवर तक्रार टाकली, त्यामुळे निदान १९,४०० एका खात्यात अडकले. तेही अजून माझ्या हातात नाहीत. खरा छळ त्यानंतर सुरू झाला. बँकेत गेलो तर एफआयआर आणा. पोलीस ठाण्यात गेलो तर व्यवहार बँकेचा आहे, बँकेचं पत्र आणा. मग म्हणे आरोपी पुण्याचे, तिकडे जा. अहो, हद्द कुठलीही असो, दखलपात्र गुन्हा नोंदवून घ्यावाच लागतो, नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये स्पष्ट लिहिलंय! ते दाखवल्यावर नवीन कारण : आयटी अॅक्टचा तपास पीआय (पोलीस निरीक्षक) दर्जाच्या साहेबांनीच करायचा असतो, आणि साहेब बंदोबस्ताला गेलेत. पूर ओसरला, साहेब रजेवर. एका हवालदाराने तर तोंडावर विचारलं, “पासवर्ड तुम्हीच दिला ना? मग फसवणूक कसली, हा दिवाणी वाद.” दुकानाची किल्ली नोकराकडे दिली आणि त्याने गल्ला मारला, तर ती चोरी नव्हे काय? चोराला नंबर बदलायला एक मिनिट लागतं आणि आम्ही अर्जाच्या झेरॉक्स काढत हिंडायचं. बँकेतल्या साहेबांनी खुर्चीसुद्धा दिली नाही. ज्या खात्यांत पैसे गेले ती याच बँकांनी केवायसी करून उघडली आहेत ना? मग तो खातेदार कोण, हे सांगायला यांची जीभ का अडखळते?

सोसायट्यांकडून मी दुसऱ्यांदा पैसे घेतलेले नाहीत. सगळ्या लिफ्टची सर्व्हिस चालू आहे, पदरमोड करून. हे मुद्दाम लिहितोय, कारण राजारामपुरीत माझ्याबद्दल भलतंच बोललं जातंय.

सरकारी चलान स्वतःच्या हाताने भरा. असिस्टंटला मेल द्यायचाच तर वेगळा आयडी काढून द्या, बँकेशी जोडलेला मुळीच नको. बिलावरचा क्यूआर आधी स्वतः स्कॅन करून नाव बघा.

आणि सेक्रेटरी मंडळींनो, जुलैपासून माझ्या लेटरहेडवरच्या क्यूआरवर ज्यांनी पैसे भरलेत त्यांनी स्क्रीनशॉट पुसू नका. त्यात बारा आकडी यूटीआर, म्हणजे त्या व्यवहाराचा नंबर, असतो. तो मला पाठवा, पुरवणी जबाबाला जोडायचा आहे.