परदेशी भाषांतराचे हक्क: प्रकाशकाला द्यायचे की स्वतःकडे ठेवायचे?

परवा कुसुमाग्रज स्मारकाबाहेर चहा घेताना मैत्रिणीने तिच्या पुस्तकाचा करारच पुढे केला, एकच ओळ, 'सर्व भाषांतरांचे हक्क प्रकाशकाकडे', आणि विचारते सही करू का. म्हटलं थांब गं जरा.

समजा जर्मन प्रकाशकाने १ लाख अ‍ॅडव्हान्स (रॉयल्टीपोटी आगाऊ रक्कम) दिला, आपल्या प्रकाशकाशी निम्मेनिम्मे ठरलं असेल तर तुझ्या हातात ५० हजार, हक्क स्वतःकडे ठेवून साहित्यिक एजंटमार्फत (लेखकाच्या वतीने हक्क विकणारा) विकलेस तर तो साधारण २० टक्के कापतो, म्हणजे ८० हजार (टॅक्स वेगळा). मग एजंटच बरा ना? बरा, पण मराठी पुस्तकाला एजंट मिळायला हवा, त्याला दाखवायला इंग्रजीतली दोन-तीन प्रकरणं लागतात आणि तो खर्च बहुतेक आपल्याच खिशातून. प्रकाशक खरंच फ्रँकफर्टच्या पुस्तक मेळ्यात वगैरे विकायला जाणारा असेल तर निम्मे गेलेले परवडतात, नुसती फाइल कपाटात ठेवणार असेल तर कशाला द्यायचे?

अ‍ॅडव्हान्स फिटेपर्यंत पुढची रॉयल्टी नाही, हे दोन्हीकडे सारखंच.

करारात मुदत नसेल तर आपला कॉपीराइट कायदा ५ वर्षं धरतो, प्रदेश नसेल तर फक्त भारत. तिने पेनाने तिथेच लिहिलं, '३ वर्षांत विक्री नाही तर हक्क परत'. आता प्रकाशक काय म्हणतात बघू.