दहा महिने, एक हायस्कूल आणि जप्त झालेला खोडरबर

तीन महिन्यांपूर्वी हे लिहायला बसलो असतो तर शाळेला पाचपैकी दोन तारे दिले असते, आणि तेही प्रयोगशाळेतल्या मामांकडे बघून. आज चार देतोय. मधल्या काळात शाळा काही बदललेली नाही. माझा एक खोडरबर जप्त झालाय, एवढंच.

विषय कोणते, तुकड्या किती, तास किती मिनिटांचा, हे प्रवेशाच्या वेळी हातात मिळणाऱ्या कागदावर असतंच. जे त्या कागदावर नव्हतं ते सांगतो. भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत पेन्सिल चालत नाही. आकृतीला चालते, रीडिंगला नाही. रीडिंग शाईने आणि थेट जर्नलमध्ये लिहायचं. चुकलं तर त्यावर एकच आडवी रेघ मारायची, तीही खालचा आकडा वाचता येईल अशी, आणि शेजारी नवा आकडा लिहायचा. खोडरबर, व्हाइटनर, पान फाडणं, सगळ्याला बंदी. कच्च्या कागदावर लिहून घरी सुंदर अक्षरात उतरवून काढायलाही बंदी.

मी मुळात चिकट माणूस आहे. मागच्या वर्षीच्या वह्यांची कोरी पानं काढून, मधोमध शिवून नवी वही करतो. घरी त्यावरून चेष्टा होते, ती मी मनावर घेत नाही. अशा माणसाला सांगायचं की जर्नलच्या जाड, गुळगुळीत पानावर चुकीचा आकडा तसाच ठेव, म्हणजे जागेची शुद्ध नासाडी! शिवाय दिसायला घाण. पहिल्या चार महिन्यांत माझं जर्नल खाटकाच्या हिशेबाच्या वहीसारखं दिसत होतं. आधीच्या शाळेतली माझी वही वर्गात फिरवली जायची, नमुना म्हणून. इथे भौतिकशास्त्राच्या बाई पान उलटायच्या, माझ्या रेघांकडे बघून मान डोलवायच्या आणि सही करायच्या. कौतुक नाही, रागावणं नाही. मला वाटायचं, या बघतच नाहीत.

त्या बघतात. हे मला साध्या दोलकाच्या प्रयोगात कळलं.

प्रयोग सगळ्यांना माहीत आहे. दोऱ्याला गोळा बांधायचा, वीस दोलनांना लागणारा वेळ मोजायचा, त्यावरून गुरुत्व त्वरण काढायचं. उत्तर ९.८ यायला हवं, हेही सगळ्यांना आधीच माहीत असतं आणि खरी गडबड तिथेच होते. माझा जोडीदार स्टॉपवॉच धरून, मी मोजायला. एक मीटर लांबीला ३८.१ सेकंद. ऐंशी सेंटीमीटरला ३४.१. साठला २९.५. गणित केलं तर तिन्ही वेळा उत्तर १०.९ च्या आसपास. घड्याळ बदललं, तेच. लांबी परत मोजली, टांगणीपासून गोळ्याच्या मध्यापर्यंत, बरोबर होती. गोळा फार लांब खेचून सोडला तर वेळ थोडा वाढतो हे ठाऊक होतं, म्हणून अगदी हलकेच सोडत होतो. तरी तेच.

इथे मी जे केलं ते लिहायला लाज वाटते, पण अनुभव लिहायचा तर सगळाच लिहावा. त्या दिवशी माझं पेन संपत आलं होतं. नवं काढायला जिवावर आलं म्हणून रीडिंग पेन्सिलीने लिहिली होती, नंतर शाईने गिरवू म्हणून. मग उत्तरावरून उलटं गणित केलं. किती सेकंद आले असते म्हणजे ९.८ येईल? ४०.१, ३५.९, ३१.१. कंपासमधला खोडरबर काढला, पुसलं, शाईने नवे आकडे लिहिले. उत्तरं ९.८२, ९.८० आणि ९.८०. सुबक. दहा महिन्यांतलं माझं सगळ्यात देखणं पान.

बाईंनी ते पान उचललं आणि खिडकीकडे तिरकं धरलं. एवढंच. मी नेहमीच दाबून लिहितो, त्यामुळे पुसलेल्या आकड्यांच्या खाचा उजेडात स्वच्छ दिसत होत्या. त्यांनी स्वतःच्या पेनने माझ्या सुबक आकड्यांशेजारी ते जुने आकडे लिहिले: ३८.१, ३४.१, २९.५. मला वाटलं, आता वर्गासमोर उभं करणार.

‘फरक काढ,’ म्हणाल्या.

काढला. पहिल्यात दोन सेकंद, दुसऱ्यात १.८, तिसऱ्यात १.६.

‘एका दोलनाला किती वेळ लागतो या लांबीला?’

मी बघितलं आणि कानशिलं तापली. दोन सेकंद, १.८, १.६. तेच आकडे. प्रत्येक वेळी बरोबर एक दोलन कमी पडत होतं. दोरा मधल्या खुणेवरून गेला, जोडीदाराने घड्याळ दाबलं, की मी ‘एक’ म्हणायचो. तिथे ‘शून्य’ म्हणायला हवं होतं. माझी वीस दोलनं म्हणजे प्रत्यक्षात एकोणीस होती.

‘अरे, घड्याळ दाबण्यातली चूक कधी इकडे होते, कधी तिकडे,’ बाई म्हणाल्या. ‘तुझे तिन्ही आकडे एकाच बाजूला गेलेत. एवढी शिस्तीची चूक मिळाली होती तुला, आणि तू ती पुसलीस.’

खोडरबर टेबलाच्या खणात गेला. प्रयोग पुन्हा करायला सांगितला. शिक्षा म्हणून नाही, कारण दुसऱ्या दिवशी मामांनी माझ्यासाठी स्टँड आधीच लावून ठेवला होता. बूच मधोमध चिरून त्याच्या दोन फाकांमध्ये दोरा धरायचा, म्हणजे झोका घेताना टांगणीची जागा सरकत नाही, हे मामांनी मला त्या वेळी दाखवलं. आम्ही इतके दिवस दोरा नुसता गुंडाळत होतो. मामांचा हुद्दा प्रयोगशाळा सहायक, पण या शाळेचा देखभाल विभाग म्हणाल तर ते एकटेच. कुठला तराजू किती खोटं बोलतो हे त्यांना तोंडपाठ आहे.

शून्यापासून मोजलं. ४०.३, ३५.८, ३१.२. उत्तरं ९.७२ ते ९.८६. बनवलेल्या आकड्यांइतकी देखणी नाहीत, पण माझी आहेत.

नंतरच्या तासाला बाईंनी कोणाचंही नाव न घेता मिलिकनची गोष्ट सांगितली. इलेक्ट्रॉनवरचा प्रभार मोजणारा तेलाच्या थेंबांचा प्रयोग. १९१३ च्या लेखात त्याने ५८ थेंबांचे आकडे दिले आणि हे निवडक थेंब नाहीत असंही लिहिलं. पण त्याच्या वह्यांमध्ये त्याहून कितीतरी जास्त थेंबांच्या नोंदी आहेत, काहींच्या शेजारी त्याचे शेरेही आहेत. लबाडी की अनुभवी माणसाची निवड, यावर अजून वाद होतो. १९२३ चं नोबेल त्याला मिळालंच. बाईंना वादात रस नव्हता. त्या म्हणाल्या, वाद घालता येतो कारण त्याने वही पुसली नव्हती. मी बेंचखाली बघत बसलो.

तर हा झाला खोडरबर. आता बाकीचं, नाहीतर शाळेत एकच विषय आहे असं वाटेल.

गणिताच्या सरांबद्दल माझी तक्रार सप्टेंबरपर्यंत तयार होती. दर शुक्रवारी दहा मिनिटांची चाचणी, आणि प्रश्न या आठवड्यातले नाहीत, महिन्यापूर्वीचे! गुण कुठेही धरत नाहीत. मग घेता कशाला? चांगला तास फुकट जातो, असं माझं मत. एकदा विचारलंच. सरांनी फळ्यावर एक उतरती वक्ररेषा काढली. एबिंगहाऊस नावाच्या जर्मन माणसाने निरर्थक अक्षरं स्वतःच पाठ करून, स्वतःच किती विसरतो ते मोजलं आणि १८८५ मध्ये छापलं, त्याची ती रेषा. मग २००६ चा रोडिगर आणि कार्पिक यांचा प्रयोग सांगितला. काही विद्यार्थ्यांनी उतारा पुन्हा पुन्हा वाचला, काहींनी वाचून मग तो आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने विचारलं तेव्हा आठवून लिहिणारे पुढे. मी तेव्हा मान हलवली, पटलं नव्हतं. वार्षिक परीक्षेच्या उजळणीला पहिल्या सत्रातली प्रमेयं काढली तेव्हा पटलं, कारण काढायला फारसं काही नव्हतंच, बहुतेक डोक्यात होती. हिशेबाने बघितलं तर वर्षभर आठवड्याला दहा मिनिटं देऊन शेवटचे दोन आठवडे वाचले. असा सौदा मला आवडतो. सरांवरचा राग मागे घेतो. त्यांचं फळ्यावरचं अक्षर मात्र अजून वाचता येत नाही.

रसायनशास्त्राचे सर चांगलेच आहेत, थोडक्यात आटोपतो. टायट्रेशनला, म्हणजे आम्लात थेंबथेंब अल्कली सोडून प्रमाण मोजायच्या प्रयोगाला, माझ्या मैत्रिणीच्या फ्लास्कमधला फिकट गुलाबी रंग थोड्या वेळाने उडाला आणि ती रडकुंडीला आली. सरांनी सांगितलं की हवेतला कार्बन डायऑक्साइड आत विरघळतो म्हणून फिनॉल्फ्थॅलिन या दर्शकाचा रंग हळूहळू जातो. रंग अर्धा मिनिट टिकला ना, मग तुझं रीडिंग खरं. ती पुढच्या आठवड्यात हेच तिघांना समजावत होती, सरांच्याच आवाजात.

भाषेच्या बाई निबंधावर लाल शेरे मारत नाहीत, समासात प्रश्न लिहितात. ‘हे तू पाहिलंस की ऐकलंस?’ असा एक प्रश्न मला पाच वेळा आलाय. इतिहासाचा तास शेवटचा असतो, त्यामुळे त्या सरांबद्दल न्यायाने लिहायला मी पुरेसा जागा नसतो.

आता तक्रारी, कारण एक तारा कापलाय तो उगाच नाही. संगीत आणि संगणक एकाच तासाला आहेत. दोन्ही शिक्षक उत्तम, आणि तुम्हाला त्यातला एकच मिळणार. वेळापत्रक करणाऱ्याने कधी दोन आवडीची माणसं पाहिलीच नाहीत बहुतेक. दुसरं, ग्रंथालय. पुस्तकं चांगली, ग्रंथपाल मॅडम तर तुम्ही मागितलेल्या पुस्तकासोबत न मागितलेलंही एक हातात ठेवतात आणि ते हमखास जास्त बरं निघतं. पण ग्रंथालय शेवटच्या घंटेलाच बंद होतं! म्हणजे जायचं कधी? मधल्या सुट्टीत रांग, तासाला परवानगी नाही. आम्ही चौदा जणांनी सह्या करून अर्ज दिला. ‘विचार चालू आहे’ असं उत्तर आलं, त्याला सहा आठवडे झाले. मॅडम स्वतः थांबायला तयार आहेत, मग अडलंय कुठे ते कळत नाही. अर्धा तास वाढला तर पाचवा ताराही लावून टाकतो.

(वरचं लिहून झाल्यावर दोन आठवड्यांनी ही भर.) जर्नल पूर्ण झालं, शेवटची सही मिळाली. मागे अकरा पानं कोरी राहिलीत. हे कसं, म्हणून मोजून बघितलं. मी धरून चाललो होतो की खाडाखोडीत पानं जास्त जातील. पण रेघ मारून शेजारी लिहायला पाऊण सेंटीमीटर लागतो. आधीच्या शाळेत पान बिघडलं की मी ते फाडून पुन्हा लिहायचो, एका प्रयोगाला दोन-तीन पानं सहज. नमुना म्हणून फिरणाऱ्या त्या वहीने किती कागद खाल्ला असेल ते आता कळतंय. अकरा पानं पुढच्या वर्षीच्या वहीत शिवून टाकेन.

दोलकाचं पान तसंच आहे, माझे सुबक आकडे, शेजारी बाईंच्या अक्षरातले खरे, आणि खाली तिसरे. नवीन कोणी जोडीदार मोजायला बसला की मी ते पान उघडून दाखवतो आणि ‘शून्य’ म्हणायला लावतो.

खोडरबर अजून बाईंच्या खणात आहे. परवा सही घेताना खण उघडा होता, दिसला. अर्ध्याहून जास्त शिल्लक आहे. शेवटच्या दिवशी मागणार आहे.