घरातल्या रोपांसाठी दिवा: पांढरी ट्यूब की जांभळे पॅनेल?

विदर्भात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे सरकतो, तेव्हा शेडनेटची सावलीही बियाण्याला पुरत नाही. टोमॅटोची उगवण तर ३५ अंशांच्या वर झपाट्याने घटते. त्यामुळे मृगानंतर लावायची मिरची, वांगी आणि टोमॅटोची थोडकी रोपे घरातच, कूलरच्या खोलीत, दिव्याखाली तयार करावीत असा ज्यांचा विचार आहे, त्यांच्यासाठी हा आढावा आहे. एकरी लागवडीचा हा मार्ग नव्हे. मिरची ६० बाय ४५ सेंटिमीटरवर लावायची म्हटली तरी एकराला १५,००० च्या आसपास रोपे, म्हणजे ९८ कप्प्यांचे दीडशेवर ट्रे होतात, आणि तेवढे ट्रे घरात मांडले तर माणसांना अंगणात खाटा टाकाव्या लागतील. ते काम रोपवाटिकेचे आहे. परसबाग, बांधावरच्या चार ओळी किंवा घरचे राखलेले बी, एवढ्यापुरताच दिव्याचा विचार करावा.

दुकानात गेल्यावर निवड दोन वस्तूंमध्ये उरते: चार फुटी पांढरी एलईडी ट्यूब आणि लाल-निळ्या दिव्यांचे, जांभळा उजेड देणारे पॅनेल. मी दोन्ही वापरून पाहिली आहेत आणि दोन्हींखाली रोपे होतात, हे आधीच सांगतो. पॅनेलखालची मिरची माझ्या नजरेला काकणभर ठेंगणी आणि जाड बुंध्याची वाटली. निळ्या प्रकाशाचे प्रमाण जास्त असले की रोप आवरते वाढते, तेव्हा त्यात नवल नाही. शिवाय पॅनेल दीड फूट वर टांगता येत असल्याने खालून झारी सहज फिरते. ट्यूब मात्र पानांपासून १० ते १५ सेंटिमीटरवरच ठेवावी लागते, नाही तर रोपे उजेडाच्या ओढीने उंच आणि अशक्त होतात. रोप वाढेल तशी सुतळीची गाठ सोडून ती वर घेत राहण्याचे काम कंटाळवाणे आहे, हे मान्य केले पाहिजे.

तरीही माझ्यापुरता निर्णय ज्या एका कटकटीने झाला, ती पॅनेलच्या उजेडाच्या रंगाची होती. पान लाल आणि निळा प्रकाश शोषून घेते आणि हिरवा परत पाठवते; जांभळ्या उजेडात हिरवा भाग जवळजवळ नसतोच, त्यामुळे सगळा ट्रे काळपट दिसतो. कोकोपीटमध्ये, म्हणजे ट्रेत भरायच्या नारळाच्या भुशात, स्वतःचे अन्न फारसे नसते, म्हणून पहिल्या दोन बीजपानांनंतरची खरी पाने फुटू लागली की ती फिकट पडतात का, यावर नजर ठेवून १९:१९:१९ या विद्राव्य खताची (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात) पातळ मात्रा केव्हा द्यायची ते ठरवावे लागते. नेमका हाच फिकटपणा त्या उजेडात हरवतो. त्याहून वाईट म्हणजे रोपे कोलमडण्याची सुरुवात दिसत नाही: कोकोपीटलगत देठावर पाणीदार डाग पडतो, तेथे देठ दोऱ्यासारखा आकसतो आणि वरची दोन पाने अजून टवटवीत असतानाच रोप आडवे होते. कूलरच्या दमट हवेत हा रोग ट्रेभर पसरायला वेळ लागत नाही. तो डाग पाहण्यासाठी प्रत्येक वेळी पॅनेल बंद करायचे, मोबाईलची बॅटरी लावून ओणवे व्हायचे आणि डोळ्यांना सगळे हिरवट दिसत असल्यामुळे क्षणभर थांबायचे, हे दिवसातून दोनदा करून पाहावे, म्हणजे माझे म्हणणे पटेल. त्यातून उन्हाळ्यात कूलरची खोली ही घरातल्या सगळ्यांच्या दुपारच्या झोपेची खोली असते. तेथे १४ तास जांभळा उजेड कोणी आनंदाने सोसेल असे मला वाटत नाही. संध्याकाळी तो खिडकीतून बाहेर पडला की गावात काय काय विचारले जाते, हा भाग वेगळा.

पांढऱ्या ट्यूबमध्ये मुळात निळाच दिवा असतो आणि त्यावरच्या पिवळसर लेपामुळे उजेड पांढरा होतो, म्हणजे रोपाला लागणारा निळा भाग तिच्यात भरपूर आणि लालही पुरेसा असतो. दोन ९८ कप्प्यांचे ट्रे लांबीने जोडले की चार फुटी ट्यूबखाली जवळजवळ बरोबर बसतात. २० वॅटच्या दोन ट्यूब शेजारी-शेजारी लावून १४ तास चालवल्या, तर दिवसाला अर्ध्या युनिटहून थोडी अधिक वीज लागते. चौकोनी पॅनेलचा उजेड मध्यभागी एकवटतो आणि कोपऱ्यातली रोपे आत झुकतात, म्हणून ट्रे फिरवत राहावे लागतात. खोक्यावरच्या मोठ्या वॅटच्या आकड्यावरही जाऊ नये. स्वस्त पॅनेलांवर तो बहुधा समतुल्य म्हणून छापलेला असतो आणि प्रत्यक्ष वापर त्याच्या लहानशा भागाएवढाच असतो.

एक गोष्ट दोन्हींना सारखीच लागू आहे. भर उन्हात एक लाख लक्सच्या घरात उजेड असतो आणि दिव्याखाली त्याचा लहानसा अंशच मिळतो, त्यामुळे लावणीपूर्वी आठवडाभर रोपे सकाळच्या कोवळ्या उन्हात आणि नंतर शेडनेटखाली काढून काटक करावीच लागतात. नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, ती घाई करू नये.

ज्यांना कुंडीतली मिरची घरातच फळापर्यंत न्यायची आहे, त्यांना पॅनेलचा जोर उपयोगी पडू शकेल. त्यांनी निदान पांढरा उजेड देणारे पॅनेल मागावे, कारण तसेही मिळते. माझी पसंती मात्र ६५०० केल्विन (म्हणजे थंड पांढरा उजेड) छापलेल्या साध्या ट्यूबलाच आहे. पावसाळ्याआधीच्या वादळात वीज कमी-जास्त होऊन ड्रायव्हर, म्हणजे एलईडीला वीज पुरवणारा भाग, जळाला, तर ट्यूब तालुक्याच्या कोणत्याही इलेक्ट्रिकच्या दुकानातून त्याच संध्याकाळी आणता येते. पॅनेलचा सुटा भाग माझ्या भागात तरी मला मिळाला नाही, आणि कोवळी रोपे कुरिअरची वाट पाहत बसत नाहीत.