रायझन ५ ५६०० : आधी कार्ड बदलून फसलो, मग हा घेतला

आठ महिने वापरून झाला, आता लिहायला हरकत नाही. रिव्ह्यू एएमडीच्या या प्रोसेसरचा आहे पण सुरुवात ग्राफिक कार्डापासून करावी लागणार, कारण माती तिथे खाल्ली.

माझा पीसी २०१८ चा. रायझन ५ २६०० प्रोसेसर, बी४५० मदरबोर्ड, १६ जीबी रॅम आणि सेकंडहँड घेतलेलं जीटीएक्स १०६० ग्राफिक कार्ड, ६ जीबीवालं. सहा वर्षं काही तक्रार नव्हती. मग १४४ हर्ट्झचा (सेकंदाला १४४ फ्रेम, म्हणजे चित्रं, दाखवणारा) मॉनिटर घेतला आणि डोक्यात किडा शिरला की आता एफपीएस (गेम सेकंदाला किती फ्रेम काढतो तो आकडा) पण १४४ पाहिजेत. डोंबिवलीहून दादर, तिथे गाडी बदलून ग्रँट रोड, आणि लॅमिंग्टन रोडच्या एका दुकानात काउंटरवरच्याने माझं कॉन्फिगरेशन पूर्ण ऐकून न घेताच सांगितलं, "साहेब कार्ड बदला, एफपीएस डबल." मलाही तेच ऐकायचं होतं म्हणा. आरटीएक्स ४०६० घेतलं, अठ्ठावीस हजार आणि वर काहीतरी, आणि गर्दीत बॉक्सला धक्का लागू नये म्हणून लेकरू सांभाळावं तसं पोटाशी धरून डोंबिवलीपर्यंत उभा आलो.

घरी लावलं. सायबरपंक २०७७ हा गेम एकदम खूश, मीडियमवरून थेट अल्ट्रा. मग काउंटर स्ट्राइक २ उघडला, जो मी रोज खेळतो, आणि तिथे ढिम्म फरक नाही. म्हणजे दहापंधरा एफपीएस वाढले असतील. दीडशेच्या आसपास, आणि दोन स्मोक (धुराचे बॉम्ब) पडून चार जण एकदम अंगावर आले की धपकन ८० च्या खाली, जुन्या कार्डावर व्हायचं तसंच. अठ्ठावीस हजार गेले आणि मरतोय तिथेच.

आफ्टरबर्नर (कोणावर किती भार आहे ते दाखवणारं सॉफ्टवेअर) लावून बघितलं तर कार्ड ५५ टक्के, प्रोसेसर ६० टक्के. आता दोघेही निवांत बसलेत तर अडतंय कुठे? हे कळायला मला दोन दिवस लागले. तो ६० टक्के आकडा बाराही थ्रेडची (प्रोसेसर एका वेळी चालवतो त्या कामाच्या रांगा) सरासरी असतो. गेमचं मुख्य काम एकदोन थ्रेडवरच चालतं, ते थ्रेड घामाघूम झालेले असतात आणि बाकीचे गप्पा मारत बसलेले, त्यामुळे सरासरी बघून काहीच कळत नाही. बघायचं ते कार्डाचं युसेज. एफपीएसवर कॅप (मर्यादा) नाही, व्हीसिंक (एफपीएस मॉनिटरच्या वेगाला बांधणारी सेटिंग) बंद आहे आणि तरी कार्ड ९५ च्या पुढे जात नाही, म्हणजे त्याला काम मिळत नाहीये. अजून एक सोपी टेस्ट, रिझोल्यूशन १०८० वरून ७२० ला आणा, एफपीएस होते तेवढेच राहिले तर कार्डाचा काही दोष नाही.

आमच्याकडे आई पोळ्या लाटते आणि मी भाजतो, त्यातला हा प्रकार. मी कितीही मोठा तवा आणला, गॅस फुल केला, तरी लाटलेली पोळी हातात आल्याशिवाय मी काय भाजणार? कोण कुठे आहे, गोळी कुठे लागली, काय काय काढायचंय हे सगळं प्रोसेसर ठरवतो आणि मग कार्ड ते रंगवतं. रिझोल्यूशन वाढवलं की पोळी तव्यावर जास्त वेळ राहते, लाटणाऱ्याला दम घ्यायला फुरसत मिळते. म्हणून हेच कॉम्बिनेशन १४४०पी ला बरं वाटतं आणि १०८०पी लो सेटिंगला, जिथे सगळे ईस्पोर्ट्सवाले खेळतात, तिथे उघडं पडतं.

डीएलएसएसचंही (गेम कमी रिझोल्यूशनला काढून चित्र मोठं करणारं, माझ्या कार्डाच्या कंपनीचं म्हणजे एनव्हिडियाचं तंत्र) तेच. १०८०पी ला क्वालिटी मोडवर गेम आतून ७२०पी ला रेंडर होतो, म्हणजे कार्डाचं ओझं कमी, प्रोसेसरचं आहे तेवढंच. सायबरपंकमध्ये जपानटाउनच्या बाजारात गर्दीत उभा राहून डीएलएसएस चालू बंद, चालू बंद करून बघितलं, आकडा हलला नाही. वर रे ट्रेसिंग (खऱ्यासारखा उजेड आणि सावल्या) लावलं की प्रोसेसरचंही काम वाढतं, ते फक्त कार्डाचं काम असतं हा माझा गैरसमज होता. फ्रेम जनरेशनने आकडा वाढतो खरा, पण त्या मधल्या फ्रेम कार्ड स्वतः बनवतं, माउस हलवल्यावर हाताला जाणवतं ते जुनंच. आणि एनव्हिडियाचा ड्रायव्हर डीएक्स१२ (गेम ज्यातून कार्डाशी बोलतो ते विंडोजचं सॉफ्टवेअर) मध्ये प्रोसेसरवर एएमडीच्या रेडिऑन कार्डांपेक्षा जास्त भार टाकतो, हे २०२१ मध्येच टेस्ट करून लोकांनी दाखवलं होतं. जुना प्रोसेसर आणि नवं एनव्हिडिया कार्ड, म्हणजे मी शोधून शोधून वाईट जोडी जमवली होती.

तर परत लॅमिंग्टन रोड. या वेळी दुसरं दुकान, आणि तिथे वेगळाच आग्रह, "५६००जी घ्या, यात ग्राफिक्स पण येतं, वर फ्री." नावात एक जी जास्त आहे म्हणून भुलू नका. ५६००जी मध्ये एल३ कॅश (प्रोसेसरच्या आतली झटपट मेमरी) १६ एमबी, साध्या ५६०० मध्ये ३२, आणि गेममध्ये कॅशच कामाला येते. ज्याच्याकडे कार्ड नाही त्याने जी घ्यावा, ज्याच्याकडे कार्ड आहे त्याने कशाला? मी साधा ५६०० घेतला, अकरा हजारांच्या आसपास. सहा कोर बारा थ्रेड माझ्या २६०० मध्येही होते, पण तिथे तीन तीन कोरांचे दोन गट आणि प्रत्येकाकडे ८ एमबी कॅश, एकाला दुसऱ्याकडून काही हवं असेल तर लांबचा फेरा. यात सहाही कोर एकाच ३२ एमबीवर जेवतात. दोघेही ६५ वॉटचे, आणि ४०६० तर ११५ वॉटचं, जुन्या १०६० पेक्षा ५ वॉट कमीच, त्यामुळे एसएमपीएसला (पीसीला वीज देणारा डबा) हात लावावा लागला नाही.

बसवायच्या आधी जुना प्रोसेसर असतानाच बायोस (बोर्डाचं स्वतःचं सॉफ्टवेअर) अपडेट करा, नाहीतर नवीन लावल्यावर काळा स्क्रीन बघत बसाल. आमच्याकडे दुपारी लाइट कधी जाईल सांगता येत नाही म्हणून मी शेजाऱ्यांचा यूपीएस आणला, बायोस अर्धवट असताना लाइट गेली तर बोर्डाची वाट. हे सगळं नीट केलं आणि पुढे माती केली. एएम४ ला (हे प्रोसेसर बसतात ते सॉकेट) पिना प्रोसेसरला असतात. जुनी थर्मल पेस्ट सहा वर्षांत सिमेंट झालेली, मी कूलरचे चार स्क्रू काढून सरळ वर ओढला आणि लॉक न उघडता प्रोसेसर कूलरला चिकटून सॉकेटमधून उपटून आला. पोटात गोळाच आला. टॉर्च मारून बघितलं तर कोपऱ्यातली एक पिन वाकलेली. पेनपेन्सिलीतली शिसं काढून तिचं रिकामं टोक पिनेवर चढवून, श्वास रोखून, केसभर केसभर करत सरळ केली. त्यामुळे तुम्ही आधी वीस मिनिटं गेम खेळून पेस्ट गरम करा, मग बंद करून कूलर डावीउजवीकडे हळूहळू फिरवा, आणि तो सुटला असं वाटलं तरच उचला.

नवीन लावला, चालू केला, आणि एफपीएस अपेक्षेपेक्षा कमी. परत घाम. मग लक्षात आलं की बायोस अपडेटमध्ये सगळी सेटिंग उडाली होती आणि ३२०० ची रॅम २१३३ वर चालली होती. एक्सएमपी (रॅम तिच्या पूर्ण वेगाने चालवणारी सेटिंग) चालू केलं, काही बोर्डांत त्याला डीओसीपी म्हणतात, आणि मग खरा प्रोसेसर दिसला. काउंटर स्ट्राइकमध्ये अडीचशेच्या पुढे, आणि मला महत्त्वाचं म्हणजे स्मोकमध्ये सव्वाशेच्या खाली येत नाही. सरासरी सोडा हो, आधी जो मधेच हिसका बसायचा तो गेला. सायबरपंकच्या त्याच बाजारात आता डीएलएसएस लावला की आकडा वर सरकतो आणि कार्ड ९७-९८ टक्क्यांवर पळतं. अठ्ठावीस हजार त्या दिवशी वसूल झाले.

वाईट काय, तर सोबत येणारा कूलर. मे महिन्यात त्याचा असा आवाज की आईने आतून विचारलं मिक्सर कोणी लावलाय. हजारबाराशेचा टॉवर कूलर घ्याच. दुसरं, यात आतलं ग्राफिक्स नाही, कार्ड बिघडलं तर पीसी डब्यात. आणि बी४५० वर पीसीआयई (प्रोसेसर आणि कार्डामधला रस्ता) ३ च मिळतं, प्रोसेसर ४ चा असला तरी. ४०६० ला मुळात आठच लेन, त्यामुळे कार्डाची ८ जीबी भरली की टेक्स्चर रॅममधून त्या अर्ध्या रुंदीच्या रस्त्याने येतात आणि गेम अडखळतो. टेक्स्चर अल्ट्रावरून हायला आणलं की थांबतं, पण माहीत असलेलं बरं.

४०६० किंवा रेडिऑन आरएक्स ६६०० च्या जोडीला हा पुरे. त्याच्या बऱ्याच वरचं कार्ड घेऊन १०८०पी लाच हाय रिफ्रेश खेळायचं असेल तर याच सॉकेटवर ५७००एक्स३डी बसतो, ९६ एमबी कॅशवाला, मिळाला तर बघा. बॉटलनेक (एकामुळे दुसरा अडणं) किती टक्के ते सांगणाऱ्या साइट असतात त्यांच्या नादी लागू नका, गेम कुठला आणि रिझोल्यूशन कुठलं यावर सगळं असतं, एका आकड्यात ते कसं मावेल? आणि उलटं करणारेही आहेत, आमच्या बिल्डिंगमध्ये एका मुलाला वडिलांनी "आय सेव्हन" (इंटेलचा महागातला प्रोसेसर) घेऊन दिला, बजेट संपलं म्हणून सोबत जीटीएक्स १६५० हे साधं कार्ड. कार्ड कायम ९९ टक्क्यांवर आणि तो लो सेटिंगवर, पण शेजारपाजारी सांगायला आय सेव्हन आहे.

जुना २६०० आणि १०६० मावसभावाला देऊन टाकले. त्याचा मॉनिटर ६० हर्ट्झचा, ६० वर कॅप लावून दिलाय, त्या दोघांचं तिथे छान जमलंय, तो म्हणतो एकदम मक्खन चालतो. पिनेचं त्याला सांगितलेलं नाही.