व्ही बुडाची म्हणून गळ्यात मारलेली होडी

जून-जुलैच्या बंदीत किनाऱ्यावर दोन कामं जोरात चालतात, जाळी तुणणं, म्हणजे दुरुस्त करणं, आणि होड्यांचे सौदे. १ जून ते ३१ जुलै इंजिनाच्या होड्यांना समुद्र बंद. १ ऑगस्टला पहिल्या पाण्याला जायचं तर होडी जुलैअखेर दारात हवी. या घाईचा फायदा घेणारी माणसं आपल्या पट्ट्यात फिरतात. त्यातल्या होड्या बांधणाऱ्या एकाने आमची कशी वाट लावली ते सविस्तर लिहितो, कारण तोच माणूस यंदाही ऑर्डरी घेतोय.

आम्ही मालवण तालुक्यातले, कर्ली खाडीच्या तोंडाशी राहणारे, गिलनेटवाले, म्हणजे पाण्यात पडद्यासारखं उभं जाळं सोडणारे. जुनी फायबरची होडी चपट्या बुडाची होती. चपट्या बुडाचे गुण आपल्याला माहीत आहेत. गुडघाभर पाण्यात तरते, वाळूवर ओढली की सरळ उभी राहते, बांगड्याचा भरपूर माल घेते. पण खाडीच्या मुखावर लाट फुटायला लागली की आपटून आपटून कंबर ढिली करते. व्ही बुडाच्या, म्हणजे खालून इंग्रजी व्हीसारखी निमुळती असणाऱ्या, होडीची नाळ (पुढचं टोक) लाट चिरत जाते. त्या बदल्यात ती उभी असताना जास्त डुलते, तिला पाणी जास्त लागतं, किनाऱ्यावर कुशीवर पडते आणि तिच्यासाठी इंजिन मोठं लागतं. आमच्या आजोबांच्या वेळी हा प्रश्नच नव्हता. होडीला उलांडी, म्हणजे बाजूला बांधलेला तरंगता ओंडका, असायची, तोल तीच सांभाळायची. आता मात्र बुडाचा आकार पैसे मोजण्याआधी ठरवावा लागतो.

रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका खाडीकाठी या माणसाची शेड आहे. त्याने व्ही बुडाची २६ फुटी होडी पाण्यात उतरवून दाखवली. खरोखर सुंदर होडी. माझ्या काकांना बसवून खाडीत दोन फेऱ्या मारल्या. म्हणाला, “काका, तुमचं ९.९चं मशीन लावा. वेग दुप्पट, पेट्रोल निम्मं.”

हे वाक्य कोणी म्हणालं की तिथूनच उठावं. होडी पाण्यावर चढून धावायला लागेपर्यंत तिच्या वेगाला लांबीची मर्यादा असते. पाण्याला टेकलेली लांबी फुटांत घ्या, तिचं वर्गमूळ काढा, १.३४ ने गुणा. २५ फुटांना साधारण ६.७ नॉट येतात. त्यापुढे जायचं तर होडी वर उचलावी लागते, आणि माणसं, जाळं, बर्फ भरलेली व्ही बुडाची होडी उचलणं ९.९ अश्वशक्तीचं काम नाही. त्याने दाखवलेल्या होडीला मागे दुप्पट-अडीचपट ताकदीचं इंजिन होतं आणि आत फक्त तीन माणसं. तेही खाडीच्या निवांत पाण्यात.

सौदा साडेतीन लाखांना ठरला, नुसत्या होडीचा, इंजिन आमचं. अर्धे पैसे रोख द्या, जीएसटी वाचेल, असं तो वरचेवर सांगत होता. मासेमारी नौकेवर जीएसटी ५ टक्के, त्यासाठी कोण पुरावा घालवणार? काकांनी हट्टाने सगळे पैसे बँकेतून पाठवले. आज आमच्या हातात जे काही आहे ते त्या हट्टामुळे.

जुलै संपत आला तरी होडी येईना. आज रेझिन (फायबर घट्ट करणारं रसायन) नाही, उद्या कामगार गावाला. शेवटी रात्री उशिरा ट्रक आला. होडी ताडपत्रीत गुंडाळलेली, रंग अजून हाताला चिकटत होता. आतली तळफळी, म्हणजे पाय ठेवायची तळाची फळी, फायबर मारून कायमची बंद केलेली. विचारलं तर म्हणे, “पाणी आत जायला नको म्हणून.” बिलावर एवढंच: ‘फायबर बोट, १ नग’. लांबी नाही, बुडाचा प्रकार नाही, मॅटचे, म्हणजे रेझिनने बसवायच्या काचतंतूंच्या कापडाचे, थर किती तेही नाही.

पहिल्या पाण्यापासूनच होडीचं काहीतरी बिनसलेलं होतं. वळवली की वळण संपल्यावरही थोडी पुढे कलायची, आतून कोणीतरी ढकलल्यासारखी. किनाऱ्यावर ओढताना नेहमीची माणसं पुरेनात. एकदा ओढताना नाळेखाली कट्कन आवाज झाला आणि वाळूवर पाण्याची धार लागली. होडीत पाणी नव्हतं, तळ कोरडा होता, तरी धार थांबेना. काकांनी खिशातलं नाणं काढलं आणि बूड ठोकत ठोकत मागे गेले. कडेला टणटण, मध्यभागी बद्द.

“आयकलंस? हंय भरीव, हंय पोकळ. मगे ह्या पाणी खंयसून येता?”

दुसऱ्या दिवशी मच्छीमार संस्थेच्या दोन जाणत्या माणसांसमोर ग्राइंडरने कापून पाहिलं, प्रत्येक थराचे फोटो काढले. वर पांढरा जेलकोट, म्हणजे बाहेरचा गुळगुळीत थर, त्याखाली जेमतेम दोन थर मॅट. आत पोकळी, पोकळीत खारं पाणी आणि चिकट, आक्रसलेले पांढरे गोळे. ते थर्माकोल होतं. पॉलिएस्टर रेझिनमध्ये स्टायरीन असतं आणि स्टायरीन थर्माकोल खातं, हे फायबरचं काम करणाऱ्या पोरालाही ठाऊक असतं. याने त्रिकोणी थर्माकोल लावलं आणि त्यावर थेट रेझिन ओतलं. थर्माकोल विरघळलं, कवच तेवढं राहिलं, आणि पहिल्या बारीक फटीतून समुद्र आत शिरला.

पोकळीच्या पलीकडे हिरवा जुना रंग निघाला, त्यावर शिंपल्यांच्या गोल खुणा. म्हणजे कोणाची तरी वापरलेली चपट्या बुडाची होडी, तिला खालून खोटं व्ही चिकटवलेलं. जुना रंग घासलासुद्धा नव्हता. रंगावर रेझिन धरत नाही, म्हणून वरचं कवच हाताने पापुद्र्यासारखं निघत होतं. खाडीत आम्हाला फिरवली ती होडी वेगळी, ट्रकमधून आली ती वेगळी.

मला सगळ्यात भीती वाटली ती वेगळ्याच गोष्टीची. आम्हाला दिलेल्या बांधणीच्या दाखल्यावर ‘नवीन नौका’ लिहिलं होतं. त्यावर आपली नोंदणी होते, नाळेवर आयएनडी-एमएचने सुरू होणारा नंबर रंगवला जातो. आणि खालचं बूड मुळात दुसऱ्या कुठल्यातरी नंबरचं! ती होडी चोरीची किंवा कर्जातली निघाली असती तर सागरी पोलिसांसमोर उत्तर आम्हालाच द्यावं लागलं असतं. म्हणून पहिला अर्ज मत्स्यव्यवसायच्या सहायक आयुक्तांकडे लेखी दिला, फोटोंसकट. नंतर पोलीस ठाणं.

ग्राहक आयोगात गेलो तेव्हा त्याच्या वकिलाने लगेच मुद्दा काढला: होडी व्यवसायासाठी घेतली, तुम्ही ग्राहकच नाही. पुष्कळ मच्छीमार इथेच घाबरून मागे फिरतात. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात स्वयंरोजगारातून स्वतःचं पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू ‘व्यापारी हेतू’त मोडत नाही. आम्ही घरचेच लोक होडीवर जातो हे संस्थेच्या दाखल्याने दाखवलं. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला आयोगात शुल्क नाही, आणि तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते. आमचा निकाल अजून व्हायचा आहे.

होडी बघायला जाणाऱ्यांनी तळफळी उघडायला लावा. खऱ्या व्ही बुडाच्या होडीत आतूनही व्ही दिसतं. बादलीभर पाणी ओता, ते धावत मधल्या रेषेवर गोळा झालं पाहिजे. आमच्या होडीत ते सगळीकडे पसरलं असतं. तळफळी उघडणार नाही म्हणाला तर विषय संपला. ज्या साच्यातून होडी काढली तो साचा शेडमध्ये दाखव म्हणावं, आणि रेझिन लावण्याआधी मॅटचे थर बघायला एक दिवस तिथे जाऊन बसावं. मागची फळी, जिथे इंजिन अडकवतो ती, नाण्याने ठोकावी. आत प्लायवूड कुजलेलं असेल तर आवाजच सांगतो. चाचणी आपल्या इंजिनावर, आपल्या माणसांसह, आणि जी होडी मिळणार तीच घेऊन. तिच्या बुडावर आतून आपली सही खोदून या, हसले तर हसू देत. बिलावर लांबी, रुंदी, बुडाचा प्रकार, थर, रेझिनचा प्रकार आणि ‘नवीन बांधणी’ हे शब्द लिहून घ्या.

त्या माणसाने आता जोडबुडाच्या, म्हणजे कॅटामरान होड्यांची जाहिरात सुरू केली आहे असं ऐकतो. माल पसरायला रुंद जागा आणि उभी असताना कमी डुलणारी, म्हणून गिलनेटवाल्यांना ती आवडणारच. दोन बुडांना जोडणाऱ्या आडव्या भागावर सगळा ताण येतो. तिथे आत काय भरलंय, हे पैसे देण्याआधी कापून दाखवायला सांगा.